खेळाडूंचा वायदेबाजार

एप्रिल 2025 मध्ये चेन्नई सुपर किंग्जचा कर्णधार, पुण्याचा ऋतुराज गायकवाड, दुखापतीमुळे स्पर्धेबाहेर गेला आणि त्याच्या जागी विरारचा सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे तीस लाख रुपयांत घेण्यात आला. 20 एप्रिलला वानखेडे मैदानावर त्याने 15 चेंडूंत 32 धावा काढल्या, 3 मे रोजी बंगळूरच्या संघाविरुद्ध 48 चेंडूंत 94. स्वतः गायकवाड डिसेंबर 2018 च्या लिलावात वीस लाखांना गेला होता. 2025 च्या हंगामासाठी त्याला अठरा कोटींना राखून ठेवण्यात आले. वीस लाख व अठरा कोटी या दोन आकड्यांमधील अंतरावर ज्यांची नजर खिळलेली आहे असा एक वर्ग आज निर्माण झाला आहे. त्याला चेंडू टाकायचा नाही, फळी धरायची नाही, बहुधा सामनाही पाहायचा नाही. उदयोन्मुख खेळाडू अद्याप स्वस्त असताना त्याच्या नावाचा कागद घ्यायचा व भाव चढताच विकायचा, एवढाच त्याचा उद्योग.

या उद्योगाचे माहेर अमेरिका. तेथे बास्केटबॉलपटूंच्या पदार्पणाच्या वर्षातील चित्रकार्डांचा मोठा बाजार आहे. 2021 मध्ये लुका डॉन्चिच या तरुण खेळाडूचे एक कार्ड 46 लाख डॉलरना विकले गेल्याची वार्ता जगभर पसरली. त्याच वर्षी फेब्रुवारीत लेब्रॉन जेम्सच्या एका झेपेची संगणकीय चित्रफीत, जी हातातही धरता येत नाही, दोन लाखांहून अधिक डॉलरना गेली. पुढे तो बाजार कोसळला, खरेदीदार न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेले, आणि 2024 मध्ये ती चित्रफीत विकणाऱ्या डॅपर लॅब्ज कंपनीने चाळीस लाख डॉलर देऊन दावा मिटविला. आपल्याकडे 2022 च्या सुमारास रारियो, फॅनक्रेझ अशा कंपन्यांनी क्रिकेटपटूंची संगणकीय कार्डे आणली. सरकारने त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात अशा व्यवहारांतील नफ्यावर तीस टक्के कर बसविला. तोट्याची वजावट मात्र नाकारली. म्हणजे धोका पत्करणाऱ्या तरुणाचा तोटा त्याच्या एकट्याचा, आणि नफ्यात सरकार भागीदार!

आता या कार्डांना 'किंमत' येते कोठून? कार्डे किती छापायची हे कंपनी ठरवते. म्हणजे दुर्मिळता ही खाणीतल्या सोन्याची नव्हे, कंपनीच्या कचेरीत ठरलेली. बहुतेकदा ज्या पेठेत कार्ड विकायचे ती पेठही त्याच कंपनीची, आणि प्रत्येक विक्रीवरील दलालीही तिचीच. मुंबईच्या गिरणगावाने हा खेळ फार पूर्वी पाहिलेला आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व बंद होणाऱ्या भावांच्या आकड्यांवर ज्या काळी मटका लावला जाई, त्या काळी कापसाचे एक बोंडही कोणाला नको असे. मटक्याला आता चेहरा आला आहे, एवढाच फरक. लहान मुलाने आवडत्या फलंदाजाचे चित्र जपून ठेवावे, मित्राशी अदलाबदल करावी, यात कोणाचेही नुकसान नाही. पण त्याच चित्राला 'गुंतवणूक' म्हणून कॉलेजच्या मुलांपुढे मांडणे ही निराळी गोष्ट आहे.

26 एप्रिल 2023 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने या धंद्यातील दोन कंपन्यांच्या वादात एक महत्त्वाचा निर्णय दिला. खेळाडूचे नाव, चित्र व सार्वजनिकरीत्या उपलब्ध असलेली त्याच्या खेळाची आकडेवारी वापरण्यावर परवाना घेतलेल्या एकाच कंपनीची मक्तेदारी असू शकत नाही, असा त्याचा आशय. मक्तेदारी नाकारणारा हा विचार योग्यच आहे. म्हात्र्याने 94 धावा काढल्या हे सांगण्यासाठी कोणाची परवानगी कशाला हवी? परंतु परवानाधारकाचा हक्क नाकारताना ज्याच्या अंगमेहनतीतून ते आकडे निर्माण झाले त्या खेळाडूच्या हातीही त्या विक्रीतून काही लागत नाही. भाव चढला तर कागदवाला श्रीमंत होतो. गुडघा मोडला तर तो खेळाडूचा.

कार्डे हे या व्यवहाराचे किरकोळ दुकान. घाऊक पेढी पाहावयाची तर चेन्नईतच पाहावी. 2008 साली इंडिया सिमेंट्सने चेन्नईचा संघ 9.1 कोटी डॉलरना घेतला. पुढे तो वेगळ्या कंपनीकडे सोपविताना त्याचे मूल्य अवघे पाच लाख रुपये दाखविल्यावरून 2015 मध्ये क्रिकेट मंडळातच गदारोळ झाला. इंडिया सिमेंट्सच्या भागधारकांना, त्यांत आयुर्विमा महामंडळही आले, या नव्या कंपनीचे शेअर मिळाले. शेअरबाजारात नोंद नसतानाही ते दलालांमार्फत विकले जाऊ लागले, आणि जानेवारी 2022 मध्ये त्यांचा भाव दोनशे रुपयांवर जाऊन कंपनीची किंमत सात हजार कोटींच्या पुढे मोजली गेली. आणि मूळ सिमेंट कंपनी? तिरुनेलवेलीजवळील शंकरनगरला 1949 साली तिचा पहिला कारखाना सुरू झाला. चुनखडी फोडणाऱ्या व भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या कामगारांच्या श्रमांवर संघ विकत घेण्याइतके भांडवल साठले. डिसेंबर 2024 मध्ये प्रवर्तकांनी आपला हिस्सा बिर्लांच्या अल्ट्राटेकला विकला. संघाची कंपनी त्या सौद्याबाहेर राहिली. कारखाना विकाऊ आणि क्रिकेट राखीव, हा भांडवलाचा पसंतीक्रम यात स्पष्ट दिसतो.

याच चेन्नईत बास्केटबॉलची जुनी परंपरा आहे. हॅरी क्रो बक यांनी 1920 मध्ये स्थापन केलेल्या वायएमसीएच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाने तिला हातभार लावला. या शहरातील इंडियन ओव्हरसीज बँक, पेरांबूरचा रेल्वे डबे कारखाना व दक्षिण रेल्वे यांचे संघ देशभर नावाजले. दक्षिण रेल्वेत नोकरी करणारी गीतू अ‍ॅना जोस 2011 मध्ये अमेरिकेतील महिला व्यावसायिक संघांच्या चाचण्यांना गेली. निवड झाली नाही, तरी परत येण्यासाठी तिला नोकरी होती, आणि 2014 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. उलट 2015 मध्ये डॅलसने निवडलेला पंजाबचा सतनाम सिंग एनबीएचा एकही सामना खेळू शकला नाही. त्याच्या 'उज्ज्वल भविष्या'वर त्या वर्षी कितीतरी रकाने भरले होते.

गीतूच्या पिढीला सार्वजनिक क्षेत्राने मासिक वेतन, रजा व निवृत्तिवेतनाची शाश्वती दिली. बँका व रेल्वेमधील खेळाडूंची भरती आज किती होते, किती जागा रिकाम्या ठेवल्या जातात, हे विचारण्याऐवजी तरुणांना खेळाडूंच्या भावांचे आलेख वाचावयास शिकविले जात आहे. खेळाडूंच्या संघटनांनी निदान दोन मागण्या लावून धराव्यात: नावाच्या प्रत्येक फेरविक्रीत खेळाडूचा वाटा, आणि दुखापतीनंतरच्या उत्पन्नाची हमी. पहिली मागणी कार्डवाल्यांकडे करावयाची आहे. दुसरी संघमालकांकडे आणि क्रिकेट मंडळाकडे.