हयातीच्या दाखल्यासाठी माणूस घरी पाठवा



गेल्या मंगळवारी माझ्या 36 वर्षांच्या मुलाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, आईच्या ओढणीने बांधून, आम्ही तीन जिने खाली उतरवले. वर्षातून एकदा तो जिवंत आहे हे नेऊन दाखवावे लागते, तरच त्याचे महिन्याचे अर्थसहाय्य चालू राहते. खुर्चीची पाठ माझ्या हातात आणि पुढचे पाय शेजारच्या दोन पोरांच्या हातात. ती पोरे चाकणहून रात्रपाळी करून आली होती, तशीच न झोपता मदतीला आली. मी 68 वर्षांचा आहे.

मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. मान धरत नाही, दोन्ही मुठी आवळलेल्या असतात. बुद्धी मात्र शाबूत आहे, त्याला सगळे कळते. कार्यालयात अंगठा मशीनवर ठेवायला सांगितले. (कार्यालय कोणते ते लिहीत नाही, खिडकीवरच्या मुलीचा काही दोष नव्हता.) मूठ उघडेना. मी आणि त्याची आई अंगठा सोडवायला बघत होतो आणि तो घामाघूम झाला होता. मनावर ताण आला की त्याची मूठ आणखी घट्ट होते. चार वेळा अंगठा उमटला नाही. मग डोळ्यांचे मशीन आणायला कोणीतरी गेले, त्यात पाऊण तास गेला. तेवढ्यात डायपर बदलायची वेळ झाली. आवारात रिक्षाच्या आडोशाला त्याच्या आईने चादर धरली आणि मी बदलला. लोक जात-येत होते. त्या रात्री तो जेवला नाही.

पडताळणीच नको, असे मी म्हणत नाही. खोटे लाभार्थी घुसतात, मेलेल्यांच्या नावावर पैसे निघतात, हे मलाही ठाऊक आहे. पण जो माणूस अंथरुणातून उठू शकत नाही, त्याची पडताळणी अंथरुणापाशी येऊन करा. खरा-खोटा तिथेच कळेल, खिडकीवर कळायचा नाही.

यंत्रणा नाही, असे कोणी सांगू नये. मी भोसरीच्या एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये 31 वर्षे काढली. माझ्या ईपीएस पेन्शनचा हयातीचा दाखला मी घरी बसून मोबाइलवर चेहरा दाखवून देतो, दोन मिनिटांत. चालता-फिरता बाप घरातून जिवंत ठरतो आणि लोळागोळा मुलाला तीन जिने उतरवावे लागतात. नोव्हेंबर 2024 मध्ये विधानसभेच्या निवडणुकीवेळी घरून मतदानासाठी 12-ड अर्ज भरला, तर मुलाच्या एका मतासाठी अख्खे पथक घरी आले. अधिकारी, पोलीस, व्हिडिओ काढणारा, सगळे. त्यातले एक गृहस्थ खाटेशेजारी खाली बसून त्याला शांतपणे समजावत होते. मुलगा आठवडाभर त्या दिवसाबद्दल सांगत होता, त्याच्या पद्धतीने. एका मतासाठी तीन जिने चढून येता येते, मग हयातीसाठी का नाही?

आणि आपल्या महापालिकेने तर ‘सिद्धी’ प्रकल्पात मालमत्ताकराची बिले बचत गटांच्या महिलांमार्फत घरोघर पोचवली. उत्तम केले, त्या बायकांना चार पैसे मिळाले. कोणत्या गल्लीत, कोणत्या मजल्यावर कोण राहते हे आता त्यांना पाठ आहे. त्याच महिलांना दोन दिवसांचे शिक्षण आणि एक मशीन द्या. शहरात आठ क्षेत्रीय कार्यालये आहेत. प्रत्येकाने आठवड्यातला एक दिवस अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ठेवला तरी हा प्रश्न संपेल. बिल द्यायला दारात येता, तसे विचारपूस करायलाही या.

विचारपूस म्हटले, कारण गरज नुसत्या दाखल्याची नाही. 2016 च्या अपंग हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये, ज्याला जास्त आधाराची गरज आहे त्याच्यासाठी काळजीवाहकाचा भत्ता लिहिलेला आहे. कलम 38 म्हणते की अशा माणसाने आधार मागावा आणि मंडळाने त्याची गरज तपासावी आणि त्या अहवालावरून सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याने तो द्यावा. कायदा होऊन इतकी वर्षे झाली. आमच्या घरात काळजीवाहक एकच, त्याची आई. वय 63, दोन्ही गुडघे गेलेले. तिला एक दिवस माहेरच्या लग्नाला जायचे तरी मुलाला कोणाकडे ठेवायचे? लहान मुलांसाठी पाळणाघरे गल्लोगल्ली आहेत. मोठ्या माणसाला चार तास सांभाळणारी जागा आम्ही कुठे शोधायची?

इंद्रायणीपलीकडे तर आणखी वाईट. खुर्ची धरणाऱ्या त्या पोरांपैकी एकाची बहीण चाकणला अशीच पडून आहे, वय 29. संजय गांधी निराधार योजनेत अपंगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50 हजार, म्हणजे महिन्याला चार हजार दोनशेसुद्धा नाही. कंपनीतला कंत्राटी हेल्परही त्याच्या कितीतरी वर कमावतो. म्हणजे भाऊ कामाला गेला की बहीण निराधार राहत नाही! तिला दिवसभर पाणी पाजायला घरी कोण आहे, हे त्या उत्पन्नाच्या दाखल्यावर कुठे लिहायचे?

आमच्या पेन्शनबद्दल बोलायचे तर ईपीएसची किमान रक्कम सप्टेंबर 2014 पासून हजार रुपयेच आहे. या पट्ट्यातल्या कारखान्यांत आयुष्य घालवलेल्या माणसांना एवढ्यावर स्वतःची औषधे भागवता येत नाहीत, मुलाचे डायपर कुठून आणायचे? पण तो विषय वेगळ्या पत्राचा.

महापालिका आयुक्तांकडे मागणी एकच आहे. दाखल्यावर 80 टक्क्यांहून जास्त अपंगत्व असेल, किंवा डॉक्टरांनी अंथरुणाला खिळलेला लिहिले असेल, त्याच्या घरी या. आदल्या दिवशी फोन करा, आम्ही दार उघडे ठेवतो. पुढच्या वर्षी खुर्ची धरायला शेजारची ती पोरे इथे असतील का, तेही सांगता येत नाही. त्यांचे कंत्राट मार्चपर्यंतच आहे.

– एक निवृत्त कामगार, यमुनानगर, निगडी