गळाला बंदी, जेसीबीला मोकळीक

हिमाचल प्रदेशात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत ट्राउट धरायला बंदी असते. कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीकाठी या चार महिन्यांत कुणी काठी आणि रीळ घेऊन दिसला, तर मत्स्य विभागाचा रखवालदार त्याला हटकतो. हटकायलाच हवं, हा ट्राउटच्या विणीचा काळ आहे. पण याच चार महिन्यांत याच नदीच्या पात्रात उतरलेले जेसीबी मी पाहिले आहेत. कुठे संरक्षक भिंतीचा पाया, कुठे रेती आणि गोट्यांचा उपसा, कुठे नव्या हॉटेलच्या अंगणासाठी काठावर घातलेली भर. त्यांना हटकताना मात्र मी कुणाला पाहिलेलं नाही. मासा विणीला आला म्हणून आपण गळ थांबवतो, आणि त्याने अंडी घातलेली जमीन तेवढी उकरू देतो. हे थांबलं पाहिजे, एवढ्यासाठी हा लेख.

माझी नोकरी पाटबंधारे खात्यात, जलविज्ञानाच्या कामात गेली. नद्यांचा विसर्ग मोजायचा, वर्षानुवर्षांचे आकडे जुळवायचे, पात्रात बांधकाम करायचं तर पाणी कधी उतरेल ते सांगायचं. निवृत्तीनंतर भाच्याबरोबर ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क बघायला गेले आणि गुशैणीच्या पुलाखाली एक माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून दोर हवेत फिरवताना दिसला. तासभर मी तिथेच उभी होते. पुढच्या वसंतात त्याच्याकडेच शिकायला गेले. तो मला ‘मॅडमजी’ म्हणतो, मी त्याला ‘भाई’ म्हणते.

आपल्याकडे गळ म्हटलं की गांडूळ किंवा कणकेची गोळी, आणि बुडवायला शिशाचा तुकडा. फ्लाय फिशिंगमध्ये यातलं काहीच नसतं. गळाभोवती पिसं, केस आणि दोरा गुंडाळून किड्यासारखी दिसणारी एक नकली माशी बनवलेली असते, तिला वजन जवळपास नसतंच. म्हणून वजन दोरालाच दिलेलं असतं. काठीच्या झोक्याने दोर हवेत उलगडतो आणि टोकाची माशी त्याच्यामागून जाऊन पाण्यावर टेकते. तीर्थनसारख्या छोट्या नदीला साडेसात-आठ फुटांची हलकी काठी पुरते. लांब फेकायची गरज पडत नाही. मोठ्या धोंड्यामागे जिथे प्रवाह मंदावतो, त्या परातीएवढ्या पाण्यात माशी उतरवता आली पाहिजे. ट्राउट तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, कारण खाणं वरून वाहत येतं. म्हणून आपण खालच्या बाजूने, वाकून, सावली पाण्यावर पडू न देता जायचं. दोर प्रवाहात ओढला गेला आणि माशी पाण्याच्या वेगापेक्षा जरा जरी वेगळी सरकली, तरी मासा तिला तोंड लावत नाही.

या खटाटोपात माणूस नदीचा तळ वाचायला शिकतो. भाईने पहिल्या दिवशी मला काठी दिलीच नाही. पाण्यातला एकेक गोटा उलटा करून दाखवायला सांगितला. गोट्याच्या पोटाशी चपट्या, तीन शेपट्यांच्या मेफ्लायच्या अळ्या होत्या, वाळूचे कण चिकटवून घर करणाऱ्या कॅडिसच्या अळ्या होत्या, स्टोनफ्लाय होत्या. यातले बरेच किडे आयुष्याचा जवळजवळ सगळा काळ पाण्याखाली काढतात. मेफ्लाय पंख फुटून वर आली की तिच्या हाती उरतात काही तास, फार तर एक-दोन दिवस. तेवढ्यात वीण उरकायची आणि मरायचं. ट्राउट त्यांच्यावर जगतो आणि ते गोट्यांच्या फटींवर जगतात. त्या फटी गाळाने भरल्या की किडे जातात. पाणी वरून कितीही निर्मळ दिसलं तरी मग ती नदी माशाच्या दृष्टीने उपाशी असते.

आता अंड्यांची गोष्ट, कारण सगळं तिथे येऊन थांबतं. थंडीच्या सुरुवातीला ब्राउन ट्राउटची मादी उथळ, वाहत्या पाण्यातली सुपारी ते लिंबाएवढ्या गोट्यांची जागा शोधते. आडवी होऊन शेपटीच्या फटकाऱ्यांनी खळगा करते, त्यात अंडी सोडते, नर ती फळवतो आणि मादी वरच्या बाजूचे गोटे लोटून खळगा बुजवते. किलोभराच्या मादीला साधारण दीड-दोन हजार अंडी असतात. तीर्थनमधल्या वीत-दीड वीत मादीला काहीशेच. गोट्यांच्या फटींतून पाणी खेळत राहिलं तरच अंड्यांना प्राणवायू मिळतो. पाण्याचं तापमान १० अंश असेल तर अंडी फुटायला सुमारे सहा आठवडे लागतात, ५ अंशांना त्याच्या जवळपास दुप्पट. फुटल्यावरही पिल्लं लगेच बाहेर येत नाहीत. पोटाला बलकाची पिशवी घेऊन ती आणखी काही आठवडे गोट्यांखालीच पडून राहतात. हिशेब करून बघा: नोव्हेंबर-डिसेंबरात घातलेल्या अंड्यांतलं पिल्लू पोहायला लागेपर्यंत मार्च उजाडतो, कधी एप्रिलही.

आणि बांधकामाचं वेळापत्रक? ते मला तोंडपाठ आहे. पावसाळा सरला, पाणी उतरलं, की पात्रातली कामं काढायची. हिमालयात मे-जूनमध्ये वितळलेल्या बर्फाचं पाणी चढतं, पुढे पावसाळा. म्हणजे तिथे कामाचा मोसम थंडीच. वाळू उपशावर बंदी असते तीही पावसाळ्यात. थंडीतलं कमी पाणी हे कंत्राटदाराला हवं असलेलं पाणी, आणि तेच माशाचं बाळंतपणाचं पाणी. एक जेसीबी अर्ध्या दिवसात जो गाळ उठवतो, तो खाली वाहत जाऊन उथळ पाण्यातल्या गोट्यांवर बसतो. थंडीत प्रवाहाला तो धुऊन न्यायची ताकद नसते. वरून काहीच दिसत नाही. खाली अंडी गुदमरतात.

कोकणात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात जायला बंदी असते, आणि विणीच्या काळात समुद्र मोकळा ठेवायचा हे कारण कोळीवाड्यात लहान पोरालाही माहीत असतं. तिथे निदान त्या दोन महिन्यांत समुद्राचा तळ कुणी यंत्राने उकरून ठेवत नाही. नदीत मात्र आपण माशाचा कायदा एका खात्याला देतो आणि पात्राचा दुसऱ्याला. मासा तर पात्रातच अंडी घालतो!

तीर्थनचं नशीब एका बाबतीत फार चांगलं. लारजीला बियास नदीला दोन उपनद्या मिळतात, तीर्थन आणि सैंज. दोन्हींचा उगम त्याच राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांत, ज्याला २०१४ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. सैंजवर पार्वती टप्पा ३ हा ५२० मेगावॉटचा आणि सैंज हा १०० मेगावॉटचा असे जलविद्युत प्रकल्प उभे राहिले. तीर्थनवर छोटे प्रकल्प आखले होते, पण बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब आणि खोऱ्यातले गावकरी त्याविरुद्ध उभे राहिले. सरकारला ते रद्द करावे लागले आणि हा निर्णय न्यायालयातही टिकला. मी आयुष्यभर धरणांच्या बाजूने काम केलं आहे आणि दुष्काळी तालुक्याला धरणाचं पाणी काय असतं हे जाणते. तरीही सांगते, शबाब यांनी केलं ते योग्यच केलं. प्रकल्पाखाली किमान प्रवाह सोडायचा म्हणून राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये जी मर्यादा घातली, ती कोरड्या मोसमातल्या सरासरी विसर्गाच्या १५ ते २० टक्के. कागदावर नदी वाहती राहते. पण उथळ पाण्यातल्या गोट्यांवर आधीच जेमतेम हातभर पाणी असतं; विसर्ग पाचव्या हिश्श्यावर आला, तर अंडी उघडी पडतात किंवा गोठतात. विसर्ग मोजणाऱ्यांनी अंडी कुठे असतात हे विचारलेलं नसतं. आम्हीही कधी विचारत नव्हतो. आमच्या तक्त्यात तो रकानाच नव्हता.

मात्र प्रकल्प रद्द झाले म्हणजे नदी वाचली, असा जो समज खोऱ्यात आणि बाहेर पसरला आहे तो मला धोक्याचा वाटतो. धरण दिसतं, त्याविरुद्ध मोर्चा काढता येतो. भिंतीमागून भिंत, हॉटेलामागून हॉटेल, ट्रकामागून ट्रक रेती, याविरुद्ध मोर्चा निघत नाही.

माझ्या मताला दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा, की ब्राउन ट्राउट मुळात इथला नाहीच. खरं आहे. इंग्रजांनी हौसेखातर त्याची अंडी आधी काश्मीरला आणली, आणि तिथून १९०९ च्या सुमारास जी. सी. एल. हॉवेल या अधिकाऱ्याने तो कुल्लूत आणला. जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. हिमालयातला मूळचा स्नो ट्राउट, जो रोहू-कटल्याच्या कुळातला आहे, आज संकटात सापडला आहे, आणि त्याला परक्या ट्राउटचाही हातभार आहे. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ज्या ओढ्यांत तो नाही तिथे ब्राउन ट्राउट यापुढे एकही सोडू नये. पण तीर्थनमध्ये तो आता कायमचा रुजला आहे. त्याला तिथून काढणं कुणाला शक्य नाही. आणि त्याला जे लागतं, म्हणजे विशीच्या बरंच खाली राहणारं तापमान, भरपूर प्राणवायू, गाळ नसलेले गोटे, तेच स्नो ट्राउटला आणि त्या गोट्यांखालच्या किड्यांनाही लागतं. तीर्थनकाठी दगडावर शेपटी नाचवत बसणारा पाणधोबी पक्षी त्याच किड्यांवर जगतो. ट्राउटसाठी पात्र राखलं तर तिथलं कुणीच वंचित राहत नाही.

दुसरा आक्षेप जास्त चलाख आहे: अंडी मेली तर मेली, हॅचरीतून बोटुकली आणून सोडू. कुल्लूत पतलीकुहलला ट्राउटचं सरकारी मत्स्यबीज केंद्र आहे, आणि ताटात वाढायचा रेनबो ट्राउट तलावात वाढवणं हा तिथल्या शेतकऱ्यांचा चांगला धंदाही आहे. त्याला माझा पाठिंबाच आहे. पण नदी हे तळं नव्हे. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात डिक व्हिन्सेंट या मत्स्यशास्त्रज्ञाने मॅडिसन नदीवर वर्षानुवर्षं मोजणी करून दाखवलं, की हॅचरीचे मासे सोडणं बंद केल्यावर नदीतले रानटी ट्राउट वाढतात. हौदात वाढलेले मासे जागा अडवतात, खाणं ओरबाडतात आणि स्वतःही फार टिकत नाहीत. १९७४ पासून त्या राज्याने रानटी ट्राउट असलेल्या नद्यांत मासे सोडायचं थांबवलं. तिथल्या मासेमारांनी आधी आरडाओरडा केला. आज त्याच नद्यांवर जगभरातून लोक जातात.

तेव्हा मागणी साधी आहे. बंजारच्या वर, तीर्थनच्या आणि गुशैणीला तिला मिळणाऱ्या फलाचनच्या पात्रात, १ नोव्हेंबर ते ३१ मार्च कोणतंही यंत्र उतरू नये. पूर आल्यावर तातडीने रस्ता वाचवायचा असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा माणसं आधी. बाकी कामं ऑक्टोबरात उरकावीत, नाहीतर काठावरून, पाणी वळवून, गाळ अडवून करावीत. खर्च वाढेल. अशा कामांची अंदाजपत्रकं मी पाहिलेली आहेत, हा खर्च त्यात बसवता येतो. आणि मत्स्य विभागाच्या ना-हरकतीशिवाय थंडीत पात्रातलं काम निघू नये, म्हणजे त्या रखवालदाराच्या शब्दाला यंत्रापुढेही वजन येईल.

आम्हा गळवाल्यांनाही हे लागू आहे. हंगाम १ मार्चला उघडतो, पण पिल्लं तेव्हा अजून गोट्यांखाली असू शकतात. म्हणून मार्चभर मी पाण्यात पाय घालत नाही, काठावरूनच माशी टाकते. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकलेला असतो, मासा ओल्या हातानेच धरायचा आणि पाण्याबाहेर फार वेळ न काढता सोडून द्यायचा. ट्राउट खायचा असेल तर तलावातला रेनबो मिळतो, चवीला उत्तम असतो.

शेवटचं सांगणं पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून जिभी आणि तीर्थन खोऱ्यात जाणाऱ्यांना, आणि अशी मंडळी आता बरीच आहेत. खोली ठरवताना मालकाला दोन प्रश्न विचारा: सांडपाणी कुठे सोडता, आणि नदीकडची भिंत कोणत्या महिन्यात बांधली? डिसेंबरच्या सुट्टीत गेलात तर फोटोसाठी उथळ पाण्यातून चालू नका, गोटे रचून मनोरे करू नका, काठावरूनच बघा. आणि पात्रात यंत्र दिसलं तर त्याचा फोटो जरूर काढा, तारीख आणि जागा लिहून मत्स्य विभागाला आणि जिल्हा प्रशासनाला पाठवा.