किनाऱ्याचे ऋण

समुद्र सर्वांचा असतो. म्हणूनच त्याची हानी कोणाच्याच खतावणीत नोंदली जात नाही. २०२३-२४ मध्ये भारताने सुमारे ७ लाख १६ हजार टन गोठवलेली कोळंबी निर्यात करून ४० हजार कोटी रुपयांचे परकीय चलन मिळविले. हे यश निर्विवाद आहे. परंतु त्याचे मोल कोणी चुकते केले, हेही विचारले पाहिजे.

कोळंबीच्या तळ्यात उरलेले खाद्य आणि विष्ठा साचते. ते पाणी प्रक्रियेविना खाडीत सोडले की नत्र व स्फुरद वाढून शेवाळ माजते, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. खारे पाणी मुरून शेजारच्या विहिरी व भातखाचरे निकामी होतात. तळ्यांसाठी कांदळवन तोडले, तर मासळीचे पाळणाघरच उद्ध्वस्त होते.

तामिळनाडूच्या नागपट्टणम परिसराने हे सारे भोगले. सर्वोदयी कार्यकर्ते शंकरलिंगम जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने, पारंपरिक पद्धतीची वगळता, किनारा नियमन क्षेत्रातील तळी हटविण्याचा आदेश दिला. प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी, हे तत्त्वही लागू केले. मात्र २००५ च्या किनारी जलचरसंवर्धन प्राधिकरण कायद्याने या व्यवसायाला त्या क्षेत्रात पुन्हा वाट करून दिली. २०२३ च्या दुरुस्तीने ती प्रशस्त केली. प्रतिजैविकांना मनाई केली, पण तुरुंगवासाची तरतूद काढून केवळ दंड ठेवला. मोठ्या उत्पादकाला दंड हा धंद्याचा एक खर्च वाटू लागला, तर कायद्याचा धाक कसा उरणार?

कोकणच्या खाजणांतही कोळंबीची तळी आली आहेत. तेथे मार्ग निवडण्याची संधी अजून आहे. कालवे व शिणाणे यांना बाहेरचे खाद्य लागत नाही. ती पाणी गाळूनच पोसतात. सिंधुदुर्गातील महिला बचतगटांनी अशी शेती करून दाखविली आहे. अतिदाटी झाल्यास तिचाही गाळ तळाशी साचतो, हे भान मात्र हवे.

कोळंबी बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. सांडपाण्यावरील प्रक्रियेची नियमित तपासणी व्हावी आणि खाडीच्या व विहिरींच्या पाण्याचे अहवाल ग्रामसभेपुढे ठेवले जावेत, इतकीच अपेक्षा आहे. गाईचे दूध काढताना वासराचा वाटा राखण्याची आपली रीत आहे. समुद्राच्या बाबतीत ते वासरू म्हणजे किनाऱ्यावरचा कोळी आणि शेतकरी. त्याचा वाटा राखणे, हे शासनाचे आणि आपलेही कर्तव्य आहे.