गंधार गायब!

कॉलेज संपलं, जॉब लागला आणि गिटार कपाटावर चढली. तुमचीही हीच स्टोरी ना? मग या वीकेंडला तिला खाली काढाच. फक्त ई-ए-डी-जी-बी-ई हे नेहमीचं ट्यूनिंग थोडा वेळ विसरा.

कारण सिंपल आहे. लोकगीत असलं तरी आपण आधी मेजर की मायनर ते ठरवतो आणि कॉर्ड ठोकून मोकळे होतो. माझी आजी जात्यावरची ओवी म्हणते, तेव्हा तिचा गंधार धड शुद्ध नसतो, धड कोमलही नसतो. खाली मेजर कॉर्ड वाजली की ती नकळत आपला सूर बदलते. साथ करायची गिटारनं आणि तडजोड करायची आजीनं? ये बात कुछ हजम नहीं हुई!

यावरचा सॉलिड फंडा ब्रिटिश गिटारिस्ट डेव्ही ग्रॅहमकडे सापडतो. मोरोक्कोत ऊदवादकांबरोबर वाजवता यावं, म्हणून त्यानं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला डी-ए-डी-जी-ए-डी हे ट्यूनिंग वापरलं. गिटारवाले त्याला लाडानं 'डॅडगॅड' म्हणतात. सहावी, दुसरी आणि पहिली तार एकेक पूर्ण स्वर उतरवायची, बस्स! आता डीला सा धरा. मोकळ्या तारा बोलतात सा-प-सा-म-प-सा. गंधारच गायब! शुद्ध की कोमल, ते गाणाऱ्यानं ठरवायचं.

पट्टी जुळत नसेल तर साधा कॅपो लावा. सहाव्या फ्रेटवर सा थेट काळी चारला पोहोचतो. आजीबरोबर हे करून पाहिलं, तर तिचा गंधार जागच्या जागी राहिला.

खुंट्या पिळायचा कंटाळा येतो? मग पार्शल कॅपो घ्या. नेहमीच्याच ट्यूनिंगमध्ये तो दुसऱ्या फ्रेटवर फक्त पाचवी, चौथी आणि तिसरी तार दाबतो. मोकळ्या तारांवर पुन्हा तेच सा-प-सा-म-प-सा, फक्त सा आता ई.

आणि एफच्या बार कॉर्डला वैतागून गिटार सोडलेल्या दोस्तांनो, एक लक्षात ठेवा. जोनी मिचेलचा डावा हात लहानपणच्या पोलिओनं कमजोर झाला होता. तिनं गिटार सोडली नाही, ट्यूनिंग बदललं.

घरातला सगळ्यात जुना आवाज गातोय तोवर त्याच्याशी सूर जुळवून घ्या. बार कॉर्ड काय, नंतरही शिकता येते.