‘मुक्त’ शिक्षणाचा हप्ता

‘बीए करून काय दिवे लावणार?’ हा प्रश्न कला शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकलेला असतो. मीही ऐकला. त्याचं उत्तर द्यायची मला घाई नव्हती, कारण माझं बीए अनुदानित कॉलेजात झालं. दिवे लागले नसते, तरी तेलाचे पैसे बँकेला परत करायचे नव्हते.

आता खाजगी विद्यापीठांनी याच शाखेला ‘लिबरल आर्ट्स’ म्हणून नव्याने सजवलंय. शिक्षण वाईट नाही. इतिहासासोबत स्टॅटिस्टिक्स, तत्त्वज्ञानासोबत कोडिंग शिकता येणं ही चैन नव्हे, ते आधीच व्हायला हवं होतं. पण हॉस्टेल धरून चार वर्षांचा खर्च अनेक ठिकाणी २० लाखांच्या पुढे जातो. आणि घरात एवढे पैसे नसले की सगळे सहज म्हणतात, ‘एज्युकेशन लोन आहे ना!’

माझं म्हणणं सरळ आहे. ही पदवी तोट्याची नाही. तिच्यासाठी काढलेलं मोठं कर्ज तोट्याचं आहे.

हिशेब करू. समजा, दरवर्षी ५ लाख असं चार वर्षांत २० लाखांचं कर्ज घेतलं. व्याज साडेदहा टक्के. शिकताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नाही, पण व्याजाचं मीटर चालूच असतं. साध्या व्याजानेही या पाच वर्षांत ७ लाख ३५ हजार चढतात. म्हणजे फेडायला सुरुवात करताना डोक्यावर २७ लाख ३५ हजार. १५ वर्षांची मुदत घेतली, तर हप्ता महिना सुमारे ३०,२०० रुपये. शेवटी बँकेला दिलेले एकूण पैसे ५४ लाखांवर.

आता समजा, पहिली नोकरी ३५ हजारांची. प्रकाशनात, एनजीओत, कंटेंटच्या कामात नव्या माणसाला एवढा पगार मिळाला, तरी मित्र पार्टी मागतात. हप्ता गेल्यावर उरले ४,८००. पुण्यात एवढ्यात खोली घेणार की मेस लावणार?

यावर ठरलेलं उत्तर येतं : कलाशाखेची कमाई हळूहळू वाढते, दहा वर्षांनी बघा. मान्य. पण हप्ता दहा वर्षं थांबत नाही. तो नेमका त्या वर्षांत सुरू होतो, जेव्हा या शाखेचा पगार सर्वांत कमी असतो. वर साडेसात लाखांपुढच्या कर्जाला बँक साधारणपणे तारण मागते. पालक सहकर्जदार असतात. तुमचे हप्ते थकले की सिबिल स्कोअर त्यांचाही पडतो.

माझा खरा राग पुढच्या गोष्टीवर आहे. हे शिक्षण ‘मुक्त’ माणूस घडवतं म्हणून विकलं जातं. मनासारखा विषय निवडा, विचार करा, प्रश्न विचारा. आणि पदवी मिळाली की हप्ता सांगतो, पगार देईल ती नोकरी धर आणि गप्प बस. संशोधन, नाटक, पत्रकारिता, गावातली शाळा, ज्यांच्यासाठी हे शिकलो ती सगळी दारं हप्ता बंद करतो. श्रीमंत घरातला वर्गमित्र त्याच पदवीवर दोन वर्षं फेलोशिप करत फिरू शकतो. पदवी एकच, मोकळीक त्याच्या एकट्याची.

‘मग गरिबांनी लिबरल आर्ट्स शिकूच नये का?’ शिकावं, हक्काने शिकावं. पण कर्ज म्हणजे संधी नव्हे. इंग्लंडमध्ये २०२३पासून प्रवेश घेतलेल्यांचं सरकारी कर्ज वर्षाला २५,००० पौंडांपलीकडच्या कमाईच्या ९ टक्क्यांनी फिटतं. कमाई त्याखाली गेली तर हप्ता थांबतो, ४० वर्षांनी उरलेलं माफ होतं. ती व्यवस्थाही गोड नाही, चाळीस वर्षं मानेवर ओझं राहतं. पण निदान हप्ता पगाराकडे बघतो. आपल्याकडे तो फक्त कॅलेंडरकडे बघतो.

आपलं सरकार काय करतं? २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तल्या ६४ कलांचा अभिमानाने दाखला आहे. २०२४मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे. तिथे मात्र सरकारी संस्थांतल्या आणि तांत्रिक-व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना प्राधान्य. गौरव कलांचा, सवलत इंजिनिअरला. इकडे आमच्या अनुदानित कॉलेजांतले कला विभाग तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर कसेबसे चालतात. गरिबाला हे शिक्षण द्यायचं तर त्या जागा भरा, शिष्यवृत्त्या वाढवा, हप्ता उत्पन्नाशी जोडा.

हे होईपर्यंत तुम्ही काय करायचं? विद्यापीठाला ‘हायेस्ट पॅकेज’ विचारू नका, मध्यावरच्या विद्यार्थ्याचा पगार विचारा. एनआयआरएफला दिलेल्या माहितीत ‘मिडीयन सॅलरी’ असते, ती उघडून बघा. तो आकडा फक्त प्लेसमेंट मिळालेल्यांचा असतो आणि सगळे विषय त्यात एकत्र असतात, हेही ध्यानात ठेवा. मग एक मोजमाप लावा : हप्ता पहिल्या पगाराच्या पाचव्या हिश्शाच्या आत हवा. ३० हजार पगार धरला, तर हप्ता ६ हजार, म्हणजे वरच्याच व्याजाने आणि मुदतीने चार वर्षांत मिळून साधारण ४ लाखांचं कर्ज. उरलेली रक्कम विद्यापीठ फीमाफी म्हणून देत असेल, तर लेखी घ्या आणि आनंदाने जा. देत नसेल, तर जवळच्या अनुदानित कॉलेजात नाव घाला, ग्रंथालयाचं कार्ड काढा, आणि कुणी ‘काय दिवे लावणार’ म्हणून विचारलं तर हसून सांगा, ‘बघू. तेल तरी उधारीचं नाही.’