शक्तिमानला शक्ती कुठून मिळते?

२०२२च्या फेब्रुवारीत सोनी पिक्चर्सनं 'शक्तिमान'वर तीन चित्रपट काढणार असल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून एक वाद अधूनमधून उसळतो: नवा शक्तिमान कोण होणार? रणवीर सिंगचं नाव चर्चेत आलं. २०२४च्या मार्चमध्ये मूळ शक्तिमान मुकेश खन्ना यांनी त्या नावाला जाहीर विरोध केला. त्या नटाची प्रतिमा या भूमिकेला शोभणारी नाही, असं त्यांचं म्हणणं. चाहत्यांत दोन तट पडले. एकाला तोच जुना पोशाख, तीच धून, शक्य झालं तर तोच माणूस हवा. दुसऱ्याला हॉलिवूडच्या तोडीचं ग्राफिक्स आणि तरुण चेहरा हवा. चित्रपटाचा अजून पत्ता नाही, भांडण मात्र जोरात आहे.

झाशीत माझ्या बरोबरीचे, आता तिशी-चाळिशीत असलेले लोकही यावर तावातावानं बोलतात. मी दोन्ही तटांत नाही. चेहरा कुणाचाही असो, मला विचारायचंय ते वेगळंच: या नायकाला शक्ती कुठून मिळते, आणि नव्या चित्रपटातही ती तिथूनच मिळणार आहे का?

हे मी मालिकेच्या प्रेमापोटीच विचारतेय. वडील रेल्वेत, मूळचे भुसावळचे. झाशी विभाग २००३पर्यंत मध्य रेल्वेत होता, त्यामुळे बदली होऊन आम्ही इथे आलो आणि इथलेच झालो. १९९७ला दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झालं आणि २००५पर्यंत चाललं. रविवारी दुपारी रेल्वे क्वार्टर्सच्या गल्ल्या ओस पडायच्या. वीज गेली तर आम्ही इन्व्हर्टर असलेल्या घराकडे धावायचो. त्या घरी काही मुलं सोफ्यावर बसायची, आम्ही दारातल्या पायपुसण्याजवळ. मालिका संपली की एक हात वर करून गरगर फिरण्याचा खेळ. त्यात शक्तिमान कोण, हे ठरलेलं असायचं. मुलींना गीता विश्वास, उरलेल्यांना किल्विशची माणसं. मला बहुतेक वेळा दुसरा गट मिळायचा. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा माझ्या भाचरांबरोबर मी ती पुन्हा पाहिली. मजा आलीच. पण पदवी, नोकरी आणि दहा-बारा वर्षांचा ऑफिसचा अनुभव पदरी पडल्यावर तीच मालिका वेगळी दिसली.

आधी नाव बघा. साध्या वेषातला शक्तिमान म्हणजे पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. लहानपणी या लांबलचक नावाचं आम्हाला हसू यायचं, आणि ते हसण्यासाठीच होतं. पुढे आलेले दात, जाड चष्मा, तेल लावून चापून बसवलेले केस, बोलताना गडबडणारा, कामात गोंधळ घालणारा वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. सगळे त्याची थट्टा करतात. पण त्याची नोकरी जात नाही. तो वेंधळा आहे म्हणून त्याच्या सगळ्या समाजाला कुणी वेंधळा म्हणत नाही. तो इथवर आलाच कसा, असं कुणी विचारत नाही.

आपल्यापैकी जे घरातले पहिले पदवीधर आहेत, त्यांनी हा प्रसंग स्वतःच्या ऑफिसात उभा करून पाहावा. माझ्या पहिल्या नोकरीत माझ्याकडून एका तक्त्यात बेरजेचा आकडा चुकला. दोन टेबलं पलीकडून आवाज आला, 'कोटा!' त्याच आठवड्यात दुसऱ्या एका सहकाऱ्यानं अख्खी फाइल हरवली, तर त्याला चहा पाजून 'होतं असं' म्हणाले. वेंधळं असण्याची मोकळीक हीसुद्धा एक संपत्ती आहे, आणि ती सगळ्यांकडे नसते. गंगाधरचा वेष शास्त्री आडनावावर चालतो. त्या जागी गंगाधर कांबळे किंवा गंगाधर अहिरवार ठेवा, आणि तो विनोद किती भाग टिकतो ते बघा.

आता शक्तीकडे येऊ. शक्तिमानची शक्ती प्रयोगशाळेतून येत नाही, अपघातानंही येत नाही. एका पंथाचे गुरू त्याला निवडतात. योग, ध्यान, कुंडलिनी जागृती, पंचमहाभूतं यांतून त्याला शक्ती मिळते. आणि या निवडीच्या मुळाशी पूर्वजन्म आहे: महाभारतकाळातल्या श्रीसत्याचाच हा पुढचा अवतार. म्हणजे वर्तमानपत्राच्या कचेरीत आपण जो माणूस पाहतो, त्याचा अर्ज कित्येक हजार वर्षांपूर्वीच मंजूर झालेला होता.

ध्यानधारणा करून शक्ती मिळवायला माझा विरोध नाही. पण तपश्चर्या करणाऱ्या एका शूद्राची गोष्टही याच परंपरेत आहे. शंबूकानं तप केलं म्हणून रामानं त्याचं शिर उडवलं. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन'मध्ये या कथेचा मुद्दाम उल्लेख केला. चातुर्वर्ण्य टिकवायचं तर मागे दंडशक्ती लागते, हे त्यांना दाखवायचं होतं. तप एकच, एकाला महानायक करतं, दुसऱ्याचा जीव घेतं. फरक तपात नाही, तप करणाऱ्याच्या जन्मात आहे.

'अहो, ती मुलांची मालिका, तिला कशाला हे सगळं चिकटवता?' असं म्हणणारे भेटतात. मुलांची होती म्हणूनच विचारायचं. मालिकेच्या शेवटी शक्तिमान आम्हाला चांगल्या सवयी शिकवायचा, आणि त्यातल्या काही आम्ही खरंच उचलल्या. मग न बोलता शिकवलेलंही आम्ही उचललं असणारच.

शिवाय ही गोष्ट जुन्या मालिकेपुरती राहिलेली नाही. २०२४च्या जूनमध्ये 'कल्की २८९८ एडी' आला. आठशेहून अधिक वर्षं पुढचा काळ, उडती वाहनं, यंत्रं, कोरडी पडलेली पृथ्वी. पण शेवटी भैरवाच्या हाताला धनुष्याचा प्रतिसाद मिळतो, कारण तो पूर्वजन्मीचा कर्ण आहे. ज्या कर्णाला आयुष्यभर जन्मावरून हिणवलं, त्याला न्याय द्यायलाही आपल्या विज्ञानपटाला पुन्हा जन्माचाच दाखला लागतो. वर्ष कितीही पुढचं घाला, दाखल्याची खिडकी बंद होत नाही.

आपल्याच देशात याचं वेगळं उत्तरही आहे. मल्याळम 'मिन्नल मुरली' २०२१ला आला. त्यात एक शिंपी आणि चहाच्या दुकानात काम करणारा, गावानं टाकलेला एक माणूस, या दोघांवर वीज पडते आणि दोघांनाही शक्ती मिळते. वीज कुणाचं गोत्र विचारत नाही. पुढे कोण नायक आणि कोण खलनायक, हे त्यांच्या वागण्यावरून आणि गावानं त्यांना कसं वागवलं यावरून ठरतं.

मालिकेवरून पुढे चित्रपट निघणं आणि चाहत्यांनी त्यावर तुटून पडणं, याचं जगातलं सर्वात मोठं उदाहरण म्हणजे 'स्टार ट्रेक'. २०१३ला 'स्टार ट्रेक इंटू डार्कनेस' आला, तेव्हा चाहते खवळले. कारण खान. १९६७च्या मूळ मालिकेत खान नूनियन सिंग हे पात्र उत्तर भारतातलं, बहुधा शीख, असं सांगितलेलं. ते रिकार्दो मोंताल्बान या मेक्सिकन नटानं केलं, आणि १९८२च्या चित्रपटातही त्यानंच. २०१३ला ती भूमिका बेनेडिक्ट कंबरबॅच या गोऱ्या इंग्रज नटाला दिली. भारतीय पात्र गोरं करून टाकलं, हा आक्षेप रास्त होता.

पण मला त्या खानमधलं वेगळं काही महत्त्वाचं वाटतं. खान हा निवडक पैदाशीतून घडवलेला 'श्रेष्ठ' माणूस आहे. आपण जन्मानंच इतरांहून वरचे, म्हणून राज्य करणं हा आपला हक्क, असं तो मानतो. आणि मालिकेत तो खलनायक आहे. तो खलनायक आशियातूनच का आणला, हे त्यांना विचारायलाच हवं. पण जन्मसिद्ध श्रेष्ठत्वाचा दावा करणारा माणूस धोकादायक असतो, एवढं त्यांच्या कथेला कळलेलं होतं. आपल्याकडे असाच दावा घेऊन येणारा माणूस नायक होतो आणि आपण त्याच्यासाठी टाळ्या वाजवतो.

जातीमुळे रक्त शुद्ध राहतं आणि वंश सुधारतो, असं म्हणणारे बाबासाहेबांच्या काळातही होते. १९३६ला 'जातिनिर्मूलन'मध्ये त्यांनी हा सुप्रजननाचा दावा खोडून काढला. भारतात कुठलाच वंश शुद्ध राहिलेला नाही, आणि जात फक्त वेगवेगळ्या गटांतली लग्नं अडवते, उत्तमाची निवड करत नाही, हा त्यांचा मुद्दा. नायकाची शक्ती रक्तात किंवा पूर्वजन्मात शोधणाऱ्या प्रत्येक कथेला तो आजही लागू आहे.

'स्टार ट्रेक'मध्ये उहुरा नावाची कृष्णवर्णीय अधिकारी आहे. यानाच्या मुख्य कक्षात ती बसते, कारण संदेशवहन हे तिचं काम आहे आणि तिला ते येतं. तिला कुणी स्वप्नात येऊन निवडलेलं नाही. ही भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स मालिका सोडायला निघाल्या होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपल्याला थांबवलं, असं त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं. १९७७पासून त्यांनी नासासाठी स्त्रिया आणि कृष्णवर्णीय उमेदवार मिळवण्याची मोहीम चालवली. उहुराला पाहत मोठ्या झालेल्या मे जेमिसन १९९२ला अंतराळात गेल्या. तिथे पोचलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. पुढच्याच वर्षी त्या 'स्टार ट्रेक'च्या एका भागातही दिसल्या. पडद्यावर कामाच्या खुर्चीत बसलेलं माणूस पाहिलं की त्याचा असा परिणाम होतो.

आणि चाहत्यांची ताकद? १९६७-६८ला ही मालिका बंद पडणार असं दिसताच चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि तिसरा हंगाम मिळवला. १९७६ला अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला 'एंटरप्राइझ' हे नाव मिळालं, तेही पत्रांमुळेच. १९७९ला पहिला चित्रपट आला तो याच लोकांच्या जोरावर. चाहता म्हणजे फक्त तिकीट काढणारा नव्हे, त्याला मागणीही करता येते.

कथा मागणीनं बदलते, हे झाशीला वेगळं सांगायला नको. झलकारीबाई कोरी समाजाची. १८५८च्या वेढ्यात राणीचा वेष घेऊन ती इंग्रजांसमोर गेली आणि राणीला निसटायला वेळ मिळाला, असं इथे सांगितलं जातं. वृंदावनलाल वर्मांच्या १९४६च्या कादंबरीत ती आहे, पण राणीच्या सावलीत. तिला पुढे आणलं ते बहुजन चळवळीनं: पुस्तिकांनी, जत्रांनी, जयंतीच्या मिरवणुकांनी, मोहनदास नैमिशराय यांच्यासारख्या लेखकांनी. २००१ला तिचं टपाल तिकीट निघालं. २०१९च्या 'मणिकर्णिका'मध्ये अंकिता लोखंडेनं तिची भूमिका केली. तिथेही ती जोडीचंच पात्र आहे, पण तिला वगळण्याची सोय आता कुणाला राहिलेली नाही. 'मूळ गोष्टीला हात लावू नका' एवढंच लोक म्हणत बसले असते, तर हे झालं नसतं.

म्हणून नव्या 'शक्तिमान'कडे माझ्या मागण्या आहेत. गंगाधरला दुसरं आडनाव द्या, किंवा आडनावच देऊ नका. शक्ती पूर्वजन्माच्या खात्यातून काढू नका. तिला शिक्षण, सराव, अपघात, काहीही कारण द्या, पण जे कुणाच्याही वाट्याला येऊ शकतं असं द्या. गीता विश्वासला नुसती वाचवून घ्यायला ठेवू नका, ती पत्रकार आहे, तिला बातमी शोधू द्या. आणि लेखकांच्या टेबलावर आपल्यातली माणसं बसवा. नट निवडण्याआधी हे व्हायला हवं, कारण शक्ती कुठून येणार हे त्या टेबलावर ठरतं.

ते ऐकणार नाहीत, असं तुम्ही म्हणाल. शक्य आहे. पण आता आपल्यात सॉफ्टवेअर लिहिणारे आहेत, फिजिक्स शिकवणारे आहेत, अ‍ॅनिमेशन करणारे आहेत, गोष्टी लिहिणारे आहेत. मिमी मंडल या दलित लेखिकेनं ऑक्टेव्हिया बटलर या कृष्णवर्णीय विज्ञानकथालेखिकेवर एक संग्रह संपादित केला आणि २०१८ला त्याला ह्यूगो पुरस्काराचं नामांकन मिळालं. म्हणजे रस्ता आहे. विज्ञानकथा ही तशी आपलीच गोष्ट आहे. ज्या घरात कुणी कधी कॉलेजचं फाटक पाहिलं नव्हतं, त्या घरातून निघून, न पाहिलेल्या जगात जाऊन, तिथली भाषा आणि यंत्रं शिकून काम करून दाखवणं, हे आपण प्रत्यक्ष केलंय. त्यासाठी कुठल्याही गुरूनं आपल्याला पूर्वजन्म पाहून निवडलं नव्हतं. फी भरायला उधार काढलं, स्कॉलरशिपच्या रांगेत उभे राहिलो, रात्रीचा अभ्यास केला. असा नायक पडद्यावर आला तर पोशाखाचा रंग कुठलाही असू दे, मी पहिल्या दिवशी भाचरांना घेऊन जाईन.