हृदय उजवीकडे, दोष कुणाकडे?

मध्यंतरी आम्ही खर्ड्याहून एका कुटुंबासोबत अहिल्यानगरला दवाखान्यात गेलो होतो. मायबाप दोघेही ऊसतोडीला जाणारे. मुलगा नुकताच शाळेत जाऊ लागलेला. जन्मल्यापासून त्याचे नाक वाहायचे, खोकला पाठ सोडायचा नाही. खर्डा झाले, जामखेड झाले, औषधाच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. अर्ज-कागद भरायला आणि डॉक्टरांशी दोन शब्द बोलायला कुणी कारकुनी माणूस असावा म्हणून त्यांनी आम्हाला सोबत नेले.

डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढला. फिल्म उजेडात धरली, उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली. मग पोटाची सोनोग्राफी झाली. शेवटी ते म्हणाले, ‘‘फिल्म बरोबर आहे. मुलाचे हृदयच उजवीकडे आहे आणि यकृत डावीकडे. आरशात दिसावे तसे आतले सगळे आहे. घाबरू नका, पण पुण्याला दाखवून या.’’

घरी आल्यावर आजीने एका वाक्यात निकाल लावला. ‘‘गिऱ्हानात कोयता धरला हिनं. मंग दुसरं काय व्हनार?’’

२६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी सूर्यग्रहण होते. त्या वेळी ही बाई पाचव्या महिन्याची पोटुशी होती आणि कोल्हापूरकडच्या फडात ऊस तोडत होती. ग्रहण पाळावे तर खाडा पडणार आणि उचलीतून पैसे कापले जाणार. म्हणून तिने कोयता खाली ठेवला नाही. त्या एका सकाळीचा हिशेब आता तिच्या नावावर मांडला जात होता. ती भिंतीला टेकून मुकाट बसली होती. ‘‘असे काही नसते,’’ एवढेच आम्ही म्हणालो. ‘‘मग कसं असतं?’’ असे आजीने विचारले तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही बी.कॉम. झालेले. डावी बाजू, उजवी बाजू आम्हाला माहीत ती खतावणीची!

वाचकहो, त्या दिवसाची लाज मनात धरून आम्ही जाणत्यांना विचारले, पुस्तके चाळली. जे समजले ते येथे मांडतो.

गर्भ सुरुवातीला पेशींचा एक गोळा असतो. त्याला डोके नाही, पाय नाहीत, पाठ-पोट नाही, डावे-उजवे नाही. पुढे ज्या पेशींचे शरीर बनते त्या या वेळी बहुतांशी सारख्या असतात. डोके व्हायचे म्हणून कोणतीही पेशी जन्माला येत नाही. कोण कोठे आहे आणि शेजारून कोणता निरोप येतो, यावर ते ठरते.

हे निरोप म्हणजे पेशींतून बाहेर पडणारी प्रथिने. सस्तन प्राण्यांत यांचा सर्वांत बारीक अभ्यास उंदरावर झाला आहे. उंदराचा गर्भ साडेपाच दिवसांचा असताना त्याच्या खालच्या टोकाच्या काही पेशी एका बाजूला सरकतात. ती बाजू पुढे डोक्याची होते. कारण या पेशी ‘सर्बेरस’ व ‘लेफ्टी’ नावाची प्रथिने सोडतात आणि ती ‘नोडल’ नावाच्या निरोपाला अडवून धरतात. पलीकडच्या बाजूला अडवणारे कोणी नसते. तेथे नोडल आणि त्याच्या जोडीचे ‘विंट’ हे निरोप जोरात चालतात. साडेसहाव्या दिवशी त्याच बाजूला एक बारीक रेघ उमटते. शास्त्रज्ञ तिला आदिम रेषा म्हणतात. रेघ उमटली की शेपटीची बाजू ठरली, आणि तिच्यासमोरची डोक्याची. १९९३ साली असे दिसून आले की, ज्या उंदरांत नोडलचे जनुक बिघडलेले असते त्यांच्या गर्भात ही रेघच तयार होत नाही आणि गर्भ पुढे वाढत नाही.

माणसाच्या गर्भात ही रेघ पंधराव्या दिवसाच्या सुमारास येते. म्हणूनच प्रयोगशाळेत मानवी गर्भ चौदा दिवसांपलीकडे वाढवू नये, असा दंडक पुष्कळ देशांनी घातला. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांतही तो आहे.

एक पेशी दुसरीला घडवते, हे ज्या प्रयोगाने सिद्ध झाले तो एका तरुण बाईच्या हातचा आहे. जर्मनीत हिल्डे मॅन्गोल्ड हिने पाण्यातल्या न्यूट या प्राण्याच्या गर्भाचा एक कण काढून दुसऱ्या गर्भाच्या पोटाकडच्या बाजूला कलम केला. तेथे दुसरे शरीर उगवले, पाठकण्यासकट. दोन्ही गर्भांचा रंग वेगळा असल्याने कोणती पेशी कोणाची ते ओळखता येत होते. त्या दुसऱ्या शरीराचा बराचसा भाग यजमान गर्भाच्याच पेशींचा निघाला. म्हणजे कलमाने शेजाऱ्यांना सांगितले आणि शेजारी घडले. हा निबंध १९२४ साली छापला गेला. त्याच वर्षी तान्हे मूल मागे ठेवून हिल्डे घरातल्या भडक्यात भाजून वारली. वय अवघे २५. या शोधाचे नोबेल १९३५ साली तिचे गुरू हान्स श्पेमान यांना मिळाले.

आपल्या पुण्यातही या विषयाची परंपरा आहे. पुणे विद्यापीठाच्या प्राध्यापिका लीला मुल्हेरकर यांनी एडिंबरोला वॉडिंग्टन या मोठ्या शास्त्रज्ञाकडे काम केले होते. कोंबडीच्या गर्भातही सस्तन प्राण्यांसारखीच आदिम रेषा उमटते. त्या रेषेच्या दोन्ही अंगांच्या भागांत शेजाऱ्याला घडवण्याची शक्ती कितपत असते, यावर त्यांचा निबंध १९५८ साली प्रसिद्ध झाला. रोजच्या अंड्यातून एवढे शिकता येते, हे आम्हाला या वयात कळले!

आता मुद्दा डाव्या-उजव्याचा. डोके-शेपूट ठरले, पाठ-पोट ठरले, तरी शरीराच्या दोन बाजू अजून सारख्याच असतात. हृदय डावीकडे जावे हे कोण सांगते? आदिम रेषेच्या डोक्याकडच्या टोकाला एक छोटा खळगा असतो. उंदरात त्या खळग्यात केसांहून बारीक असे दोन-तीनशे तंतू असतात. ते मिनिटाला सहाशेच्या आसपास फेरे घेत एकाच दिशेने फिरतात. तिरके असल्यामुळे त्यांच्या फिरण्याने खळग्यातला द्रव डावीकडे वाहतो. त्या वाहण्यामुळे नोडलचा निरोप डाव्या बाजूला जागा होतो आणि ती बाजू डावी ठरते. टोकियो विद्यापीठात हिरोकावा यांच्या गटाने १९९८ साली हा प्रवाह दाखवला. तंतू नसलेल्या उंदरांत प्रवाह नव्हता आणि अवयवांची बाजूही नेमकी ठरत नव्हती. पुढे २००२ साली जपानी शास्त्रज्ञांनी चांगल्या गर्भावर मुद्दाम उलटा, उजवीकडे प्रवाह सोडला. त्या गर्भांच्या बाजू उलट झाल्या.

असेच फिरणारे-हलणारे तंतू आपल्या नाकात आणि श्वासनळीतही असतात. तेथे त्यांचे काम कफ बाहेर लोटण्याचे. ज्याच्या अंगी हे तंतू जन्मतःच लुळे असतात त्याचा कफ साठतो, सर्दी-खोकला हटत नाही. गर्भात प्रवाह नसल्याने अशांच्या हृदयाची बाजू नाणेफेकीसारखी ठरते. निम्म्यांचे हृदय डावीकडे जाते, निम्म्यांचे उजवीकडे. हृदय उलट्या बाजूला आणि जुनाट खोकला या जोडीला डॉक्टर कार्टाजेनर यांचे नाव आहे; त्यांनी १९३३ साली तिचे वर्णन केले. पुण्याला आमच्या या मुलाचे निदान तेच झाले. नाक आणि हृदय यांचे कोडे एकाच धाग्याने सुटले.

आता ग्रहणाचा हिशेब करू. तो आम्हाला जमतो. माणसात डावे-उजवे ठरते ते गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास. पाळी चुकून जेमतेम पंधरवडा झालेला असतो, पुष्कळदा बाईलाही खात्री नसते. या बाईच्या बाबतीत तो काळ सप्टेंबर २०१९ चा. पोळा नुकताच झालेला, टोळीने गाव सोडलेले नव्हते. ग्रहण आले डिसेंबरच्या अखेरीस. जे सप्टेंबरात ठरून गेले, ते डिसेंबरातला कोयता कसे बदलणार?

मग हे आले कोठून? बहुतेक घरांत असा दोष मायबाप दोघांकडूनही येतो. दोघांकडे बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत असते. स्वतः दोघेही ठणठणीत असतात. दोन्ही प्रती मुलात एकत्र आल्या तरच आजार दिसतो. प्रत्येक बाळंतपणात ती शक्यता चारात एक. नवरा-बायको जवळच्या नात्यातले असले, तर एकच बिघडलेली प्रत दोघांकडे असण्याचा संभव वाढतो. या घरात आजीने भावाची मुलगी सून करून आणली आहे. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे घरोघर आहे. अशा प्रत्येक लग्नात दोष निघतो असे नाही. पण सोयरीक जुळवताना हे ध्यानात असावे.

आम्ही वहीच्या पानावर खळगा, तंतू आणि बाण काढून आजीपुढे ठेवला. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, ‘‘मंग भाची म्याच आनली, त्याचं कसं?’’ आम्ही म्हणालो, ‘‘मावशी, तुम्हाला ते ठाऊक नव्हतं. जसं हिला ठाऊक नव्हतं.’’ तेव्हा ती बाई पहिल्यांदा बोलली, ‘‘म्हंजी माझ्या हातनं काई झालं न्हाई ना?’’ पाच-सहा वर्षे ती हा प्रश्न मनात घेऊन ऊस तोडत होती.

नाही बाई, तुझ्या हातून काही झाले नाही.

अशा मुलाला चुलीच्या व विडीच्या धुरापासून जपावे. छातीतला कफ मोकळा करण्याचे शिकवलेले व्यायाम रोज करून घ्यावेत. हृदय उजवीकडे असल्याचा कागद दप्तरात ठेवावा, कारण उद्या अपेंडिक्स दुखले तर ते डावीकडे दुखेल. आणि कुणाच्या घरी वेगळे मूल जन्मले, तर पाळण्याशी जाऊन ग्रहण विचारू नये. डॉक्टरांची चिठ्ठी विचारावी, आणि दवाखान्यात सोबत जावे.